डावं मागचं दार

उजव्या दाराची कधी कटकट नव्हती.
डावं मागचं मात्र तीन वर्षं बंद.
बाहेरून ओढा, आतून ओढा,
हँडल नुसतं लोंबतं, दार हलत नाही.
पाहुणे आले की मी म्हणायचो,
"तिकडनं नको ओ, इकडनं चढा,"
आणि माणसं साड्या, गुडघे, पिशव्या सावरत
सीटवरून सरकत पलीकडं जायची.
कुणी तक्रार केली नाही.
मीही नाही.

शांती चौकाच्या अलीकडं, लिंबाखाली मौलालीचं गॅरेज.
एप्रिल महिना. टपावर भाकरी टाकली असती तर फुगली असती.
मौलालीनं हँडल दोनदा उचलून सोडलं.
"चाइल्ड लॉक लावलाय का?"
मला आठवेना.
"आठवा की ओ. त्याची कळ असती दाराच्या कडेला,
दार उघडल्याबगर दिसत नाही.
बाहेरच्या हँडलची काडी निसटलीय,
आतनं तुम्हीच बंद करून ठेवलाव.
म्हंजे कळ फिरवायला दार उघडाय पायजे,
आन् दार उघडायला कळ."
एवढं कोडं घालून तो चहाला गेला.

सोम्या बारीक पोरगा, पुढच्या दारातनं आत शिरला.
मागची सीट उपसली. खाली दहाची दोन नाणी,
पेन्सिलचा तुकडा, शेंगांची टरफलं.
दाराच्या पॅनेलच्या पाच क्लिपा कट्कट् निघाल्या,
सहावी तुटली. तो म्हणाला, "एक तुटतीच."
मग पत्र्याच्या भोकातनं कोपरापर्यंत हात घालून
डोळे मिटून चाचपत राहिला.
बाहेर काढला तेव्हा मुठीत कापूस होता.

कापूस म्हणजे, आमच्याच कारखान्याचा.
अक्कलकोट रोडवर सोळा माग होते आमचे.
टॉवेलचे गठ्ठे याच दारातनं आत जायचे,
आणि तूस उडून कुठंकुठं बसायचं,
नाकात, डब्यात, ताकात.
माग किलोवर गेले, त्यालाही सहा वर्षं झाली.
कुलपात मात्र ग्रीस पिऊन घट्ट बसलेलं ते तूस
पोपटी होतं अजून, थोडं डाळिंबी.
मी हात पुढं करेपर्यंत
सोम्यानं त्यालाच बोटं पुसली
आणि नालीत टाकलं.

मग स्क्रू ड्रायव्हरचं टोक, रॉकेलचा फवारा,
मौलालीची बाहेरून एक थाप,
आणि दार असं उघडलं
जसं काही झालंच नव्हतं.

कडेला ती कळ. खाली ओढलेली.
आता आठवलं. होटगी रोडला, ट्रक शेजारून जाताना,
चार वर्षांच्या हारिकानं आतलं हँडल ओढलं होतं.
त्याच संध्याकाळी मी कळ खाली केली.
पुढं बारा वर्षं मीच उतरून तिला दार उघडत होतो.
लोक म्हणायचे, काय लाड पोरीचे.
मलाही तेच वाटायचं.

मौलाली दार लावू देईना.
"आधी उघड्यावर तपासायचं. नाहीतर पुन्हा अडकलं
तर पुन्हा सोम्याला आत घालावं लागतंय."
त्यानं जिभेत स्क्रू ड्रायव्हर दाबला.
टक्. "हे अर्धं."
टक्. "हे पुरं. अर्ध्यावर गाडी पळवू नका."
हँडल ओढलं, जीभ सुटली.
सात वेळा केलं त्यानं, मी मोजलं.
"कळ वर ठेवू का खाली?"
पोरगी एकोणीसची आहे, मी म्हणालो.
त्यानं ते उत्तर धरलं, आणि कळ वर केली.

साडेतीनशे झाले. सोम्याला वीस वेगळे.

संध्याकाळी कॉलेजच्या फाटकाबाहेर हारिका
उजव्या दारानं चढली, सरकत डावीकडं गेली,
खिडकीशी बसून मोबाइल काढला.
सांगावं म्हणून आरशात बघितलं.
तिचं लक्ष नव्हतं.
घर आलं. मी नेहमीसारखा उतरलो नाही.
स्टिअरिंग धरून बसून राहिलो,
मागं कुठलं दार वाजतंय ते ऐकत.