दीड तास

सकाळी फोन लावते तेव्हा
आईचा दुसरा चहा झालेला असतो.
ती माझ्यापुढे दीड तास,
म्हणून सगळं मला शिळंच कळतं:
शेवग्याची फांदी मोडली,
निशिगंधाताईचं ठरलं,
आणि बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन,
ते तर मंगळवारीच झालं.

सांगितलं असतं तर काय केलं असतंस?

खरंच, काय.

संध्याकाळी बर दुबईच्या धक्क्यावर
एक दिरहम देऊन अब्रात बसले.
शेजारी पठाण, मांडीवर नवा मिक्सर,
खोक्यावर ठळक अक्षरांत त्याचं गाव.
पलीकडे देऱ्यात उतरले.
काम काहीच नव्हतं.
त्याच होडीनं परत.

रात्री बाबा फोनवर आले.
म्हणाले, तुझा एक फोटो पाठव,
डावा डोळा झाकून बघतो.