ऐरणीचा ऐ

एकोणीस वर्षं मी या पानावरून घाईनं पुढे गेले.
ऐरणीचा ऐ. चित्रात एक काळा ठोकळा.
मुलं विचारायची, बाई, हे काय?
मी म्हणायचे, पूर्वी असायची, चला पुढे.
ओठांचा ओ सोपा. तिथं सगळेच बोट ठेवतात.

मानखुर्दची शाळा, दुसरा मजला, पहिली ब.
पटावर एक्केचाळीस, घरात मराठी बोलणारी नऊ.
बाकीच्यांसाठी नोंदवहीत एकच शेरा: भाषा कच्ची.
वहीत 'पानी' दिसलं की माझं लाल पेन
बिघडलेल्या नळासारखं सुटायचं.

झुंबर साळुंके मागच्या भिंतीशी बसायची.
मी 'पूर्वी असायची' म्हटलं
आणि हातही वर न करता ती म्हणाली,
"आमच्याकडं हाय. पुलाखाली."

शनिवारी गेले.
खांबाला टेकून भाता, बाप सांडशीत लाल पातं धरून,
आणि घण आईच्या हातात.
ऐरण माझ्या गुडघ्याएवढीही नव्हती.
हात लावून पाहिला. कोमट होती.
पुस्तकात ती कधीच कोमट नव्हती.

सोमवारी मला फार उत्साह.
झुंबरला उभी केली. सांग सगळ्यांना. परत सांग.
केंद्रप्रमुख आले, तेव्हाही उभी केली.
मग ती तीन दिवस आलीच नाही.

प्रशिक्षणात हे नव्हतं.
तिथं पडद्यावर वेगवेगळ्या टोप्या घातलेली हसरी मुलं होती
आणि चहाबरोबर खारी.
पुलाखाली तिची आई म्हणाली, घण खाली न ठेवता,
"बाई, पोरीला हुबी करू नगा.
बसू द्या सगळ्यांसारखी."

मग मीच बसले. खरोखर, खुर्ची सोडून, सतरंजीवर.
विचारायला शिकले,
आणि विचारून झाल्यावर गप्प राहायला.
हे दुसरं जास्त अवघड.
दिलशाद म्हणाला, त्याचे नाना निहाई म्हणतात.
नागमणीनं दुसऱ्या दिवशी घरून आणला, दागली,
मुठीत काजवा धरून आणावा तसा.
झुंबरच्या घरातला शब्द मी फळ्यावर लिहिला, तो चुकला.
तिनं जागेवरूनच मान हलवली.
पुसला. परत लिहिला. परत मान.
बाईंचं अक्षर पुसलं जाताना
एक्केचाळीस जण पहिल्यांदाच बघत होते.

लाल पेन अजून पर्समध्ये आहे.
बाणातला ण मी शिकवतेच, पुढे लागतो त्यांना.
फक्त आधी त्यांचं पानी पिऊन घेते.

काल औताचा औ आला.
कोणालाच ठाऊक नाही. इथं खाडीकाठी कुठून असणार?
मी 'पूर्वी' म्हणायला तोंड उघडलं
तेवढ्यात झुंबर, बसूनच,
"बाई, तुमच्याकडं हाय का?"

डी.एड.च्या वसतिगृहात, सगळ्या झोपल्यावर,
न्हाणीघराच्या आरशासमोर
मी खटावची बोली जिभेवरून घासून काढली होती.
होतं. होतं. होतं.
अख्खं एक वर्ष लागलं होतं.

"व्हतं की," मी म्हणाले.

पुढचं वाक्य अजून जुळत नाहीये.
मुलं थांबली आहेत.