काळा बेदाणा

श्रावणात आम्ही अकरा बागायतदार ग्रीसला जाऊन आलो,
संघाचा दौरा, आठ दिवसांचा.
परतल्यावर सावळजच्या शेडमध्ये
निवडणीच्या टेबलावरून नजर न काढता
राजाक्कानं विचारलं,
"कसा हाय त्यो मुलुख?"

मी तिथंच मांडला, पत्र्यावर.
मूठभर बेदाणा सारला: ही जमीन.
खाली हा पेलोपोनीस,
पंज्याची बोटं पाण्यात सोडून बसलेला.
उरलेले दाणे भिरकावले, ती बेटं.
काहींवर गावं, काहींवर नुसती शेरडं,
काहींवर कुणीच नाही.
"आन् ह्यो मोकळा पत्रा?"
समुद्र.
"मग पाण्याला काय तोटा?"
खारट गं. कितीक बेटांना प्यायचं पाणी
जहाजानं येतं, आपल्या टँकरागत.
तेव्हा ती पहिल्यांदा हसली.

डोंगर म्हणशील तर दंडोबाच घे,
जरा वर ओढ, दगड पांढरा कर,
खुरट्या झुडपांत घंटा वाजव.
पाऊस मात्र उलटा, हिवाळ्यात येतो.
उन्हाळा ठणठणीत,
म्हणून द्राक्षं रानातच वाळत घालतात, उघड्यावर.
"उघड्यावर?"
हात थांबले.
ना रॅक, ना जाळी, ना गंधकाची धुरी.
एक अवकाळी सर आली की वर्ष गेलं.
तेवढं आपल्यासारखंच.

मग मी सुटलोच.
पैसा युरो. प्लगला दोन गोल पिना.
दुपारी दुकानाला कुलूप, रात्री दहाला जेवण,
चर्चमध्ये गुडघे झाकून जायचं,
कॉफीचा तळ प्यायचा नाही, तो गाळ असतो.
संप असला की बोट सुटत नाही,
आणि संप कधी आहे हे बोटवाल्यालाच माहीत.
पोरं अथेन्सला, जर्मनीला. बागेत पन्नाशीपुढची माणसं,
तोडणीला पलीकडच्या पंजाबातले गडी.
आमचं मोडकं हिंदी ऐकून त्यातल्या एकानं
दोन्ही हातांनी माझा हात धरून ठेवला,
सोडेचना.

आणि 'हो'ला तिथं म्हणतात 'ने'.
स्ताव्रूला नावाच्या एका म्हातारीनं
अंजिरांची ताटली पुढं केली.
मी खुणेनं विचारलं, मला?
ती म्हणाली, ने, ने.
मी ताटलीच उचलून बसकडं निघालो.
"बरूबर हाय की," राजाक्का म्हणाली,
"ने म्हणली तर माणूस न्हेनारच."

"जायाला काय लागतंय?"
पासपोर्ट. व्हिसा. बँकेचा सहा महिन्यांचा उतारा.
दहा बोटांचे ठसे.

तिनं स्वतःचा अंगठा उजेडात धरला.
बावीस हंगाम देठ मोडून मोडून
त्यावरच्या रेषा गेल्यात.
रेशनच्या मशिनीला तो दोन वर्षं ओळखू येत नाही,
दर महिन्याला सुनेला पाठवते.
"म्हंजे मी तिकडंबी न्हाई,"
सौद्यात आजचा दर सांगावा तशी बोलली.
माझे दहाच्या दहा पहिल्या झटक्याला उठले होते,
ते काही मी सांगितलं नाही.

"आन् तिथं निवडतंय कोण?"

द्राक्षाचा मळा दाखवला, म्हटलं,
खत दाखवलं, ठिबक दाखवलं, हॉटेलात फोटो काढले.
निवडणारं कोण, ते बघायचं राहिलं.
मशीन असेल.

खिशातली पुडी सोडली: तिथला काळा बेदाणा,
मिरीएवढा.
तिनं एक दाणा तळव्यावर फिरवला, हुंगला,
दाढेखाली धरला. बराच वेळ.
"ग्वाड हाय. आंबूस, पर ग्वाड."
मग जिभेच्या टोकावरनं काहीतरी काढलं,
केसाएवढा देठ.
"मशीन न्हवं," म्हणाली. "बाई हाय.
दिस कलायला लागला की डोळा चुकतो."

सहाला टेम्पो येणार होता.
तिनं पेलोपोनीस ओढला, बेटं ओढली,
सगळा मुलुख पंधरा किलोच्या पेटीत भरला.
तो देठ तेवढा
मोकळ्या पत्र्यावर राहू दिला.