उलटा टाका

एल आल्तोच्या दवाखान्यात, समुद्रापासून चार हजार मीटर वर,
माझ्या हाताखाली रोज कुणाची तरी छाती असते.
आधी तळवे चोळून गरम करते,
मग जेल, मग सहा चकत्या.
यंत्र सखल मुलखातून आलंय. त्याच्या पोटात एकच माप :
मोठ्या माणसाचं, तेही किनाऱ्यावरच्या.

म्हणून परवा तीन दिवसांच्या बाळाला
त्याने बेधडक छापलं : असाधारण.
अरे, उजवी बाजू थोराड असणारच की!
आईच्या पोटात तिनेच तर भार वाहिला,
आणि इथल्या विरळ हवेत तो लवकर उतरत नाही.
मिनिटाला दीडशे ठोके,
कागदभर चिमण्यांचं भांडण नुसतं.
मी पेनने खोडलं. डॉक्टर वाल्दांनी हसत सही केली.

रुफिनो नऊ वर्षांचा. श्वास घेताना ठोके पळतात,
सोडताना रेंगाळतात,
शाळेतून घरी निघालेलं पोर जसं.
चालतं.
देल्फिन फुटबॉलवाला, एकोणीसचा, झोपल्या झोपल्या चव्वेचाळीस.
तेही चालतं.
हाच आकडा चक्कर येऊन पडलेल्या म्हातारीचा असता
तर मी धावत सुटले असते.

मंगळवारी पांकारा आली. वय चार.
ओठ थोडे निळसर. पण इथे थंडीने सगळ्यांचेच असतात.
यंत्र म्हणालं : साधारण.
मी कागद गुंडाळायला घेतला, आणि
छातीवरच्या पहिल्याच चकतीची ती शेवटची लाट
वर होती.

वर. छान, गोल, माझ्या स्वतःच्या लाटेसारखी.
जन्मानंतर आठवडाभर ती वर असते,
मग बुडी मारते, ती कितीतरी वर्षं खालीच.
चौथ्या वर्षी तिने वर काय करावं?

आई, एउसेबिया, बाकावर विणत होती.
"यंत्र तर बरं म्हणतंय ना?"
मला शब्द सुचेनात. तिच्या सुयांकडे बोट केलं :
"इथे उलटा टाका हवा होता.
सुलट पडलाय."

ती कागदाकडे बघत राहिली.
लोकरीचा माणूस, तिला समजलं.
एवढंच विचारलं, "किती ओळी उसवाव्या लागतील?"

ते खाली ला पासचे डॉक्टर सांगतील, मी म्हटलं.
चिठ्ठी लिहिली. तारीख घातली. वय दोनदा अधोरेखित केलं.

लाल केबलकारमध्ये, म्हणे,
पांकाराने तो कागद काचेला लावून धरला
आणि उतरेपर्यंत डोंगराशी ताडून बघत होती,
कुठलं शिखर चुकलंय.