आसाचं माप

दोरिंदा कांगासहून येते, सकाळच्या पहिल्या बोटीनं,
खाडी ओलांडून विगोला.
डोक्याला रुमाल, त्यावर लोकरीची टोपी,
त्यावर रेनकोटचं टोपडं.
एकेक उतरवून खुंटीला लावते आणि विचारते,
"डॉक्टर, आजतरी जेल गरम केलीत का?"
नाही केली. हीटर पुन्हा बिघडलाय.

ती जाळी दुरुस्त करते. धक्क्यावर, उघड्यावर,
छत्तीस वर्षं.
पहिल्या दिवशी मी म्हटलं, चौतीस मिलिमीटर,
डाव्या बाजूला, घड्याळात दोन वाजतात तिथं.
अंगठा आणि तर्जनी फाकवून तिनं दाखवलं: "एवढं."
बरोबर तेवढंच होतं.

जाळ्यातल्या एकेका घराला आस म्हणतात.
तपासनीस येतो, पातं आसात घालतो,
आस कमी भरला तर दंड.
कायदा दोरा मोजत नाही, तिनं मला समजावलं,
मधली मोकळी जागा मोजतो.

किमोच्या आधी गाठीच्या पोटात मी
टायटॅनियमची एक खूण ठेवली, तिळाएवढी.
"ही कशाला?"
म्हटलं, गाठ विरघळलीच,
तर सर्जननं शोधायचं कुठं?
ती बराच वेळ छताकडे बघत राहिली. मग म्हणाली,
"ऑक्टोपसच्या पिंजऱ्यावर बोया असतो, तसं."

दुसऱ्या डोसनंतर तेहेतीस.
एक मिलिमीटर म्हणजे काहीच नाही.
तो माझ्या मनगटाचा असतो, तिच्या श्वासाचा असतो,
मंगळवारचा असतो.
तसूभरही हलली नाही, असं अहवालात लिहीत नाहीत.
मी लिहिलं: आकारात लक्षणीय बदल नाही.

पण प्रोब दाबला तेव्हा
ती जागा जराशी दबली. आधी दबत नव्हती.
आणि रक्ताचा प्रवाह पाहिला, तर कडेच्या
सात लाल-निळ्या ठिणग्यांतल्या
दोनच उरल्या होत्या.

हे तिला सांगावं का?
सांगितलं. आवाज सांभाळून, अर्धवट.
"गाठ तेवढीच आहे. पण तिची रसद तुटतेय, असं दिसतंय."
"दिसतंय," ती म्हणाली,
दुसऱ्यानं मारलेली गाठ ओढून बघावी तशी.

चौथ्यानंतर एकवीस.
पाचव्याला आलीच नाही, ताप होता.
मुलगी एकटीच बोटीनं आली, तारीख बदलून गेली.

आज सगळं संपल्यावरची तपासणी.
नखं काळी पडलीत. बोटं बधिर.
सुई धरते, पण दोरा कळत नाही म्हणते,
डोळ्यांनी बघून विणायला लागतं,
पोरींसारखं.

पडद्यावर ती खूण चमकते.
भोवती राखाडी धूसर काहीतरी.
व्रण असेल. उरलेलं असेल.
हे मला इथून कळत नाही,
ते कापल्यावर, काचेखाली कळेल.
पहिली फुली ठेवली.
दुसरी ठेवायला कड सापडेना.

"किती?" दोरिंदा विचारते,
आणि दोन बोटं हवेत धरते. "एवढं?"
"कमी."
"एवढं?"
"अजून कमी."
ती बोटं जवळ आणत जाते,
आणत जाते, मग थांबते.
टेकली की नाही, तिला कळेना.
मला वाकून बघावं लागलं.