सव्वीस फुटांच्या अलीकडे

काळ्या घोड्यापाशी सकाळी सातला भेटायचं ठरलं होतं.
संक्रांत होऊन आठवडा झालेला,
तारांवर अजून मांजा, फाटक्या पतंगांचे कान.
गुप्तेकाका आधीच उभे,
कॅनव्हासचे बूट, खिशात घडीची लाकडी फूटपट्टी.
मी बारा ठिकाणांची यादी आणली होती.
चष्मा कपाळावर ढकलून त्यांनी ती वाचली
आणि घडी घालून मलाच परत दिली.
"बघू. गुडघा म्हणेल तेवढं."

पुलावर पहिली दहा मिनिटं
आम्ही काहीच पाहिलं नाही,
म्हणजे पाणी पाहिलं.
विश्वामित्री,
गाळणीत उरलेल्या चहाच्या रंगाची.
"ते ओंडकं दिसतंय ना, बाभळीखाली?"
ओंडक्याने डोळा उघडला.
"आमची नदी अशीच. सुंदर आहे, मगर."
हा विनोद ते एकतीस वर्षं करत असणार,
तरी मी हसेपर्यंत थांबले.

एकतीस वर्षं
त्यांनी ह्या पुलाखालचे आकडे वाचले.
पावसाळ्यात दर तासाला, रात्री बॅटरी मारून.
फोन चालू असला तर फोनवर कळवायचे,
नसला तर सायकलवर.
सव्वीसला शहर जागं करायचं.
"पण पंचवीस फूट नऊ इंच म्हणजे काय,
ते फक्त मला ठाऊक, आणि तिला,"
त्यांनी बाभळीकडे हनुवटी केली.

कीर्तिमंदिराशी मी मान वर करून उभी,
शिखरावरचे सूर्य-चंद्र शोधत.
ते खाली वाकलेले.
बोट पायरीवरून आडवं फिरलं,
धूळ पुसल्यासारखं.
"इथवर."
कधी?
वर्ष नाही सांगितलं.
"हेमलता माहेरी होती तेव्हा."

रावपुऱ्यात टॉवरचं घड्याळ किती वाजले सांगत होतं
ते दोघांनीही पाहिलं नाही,
कारण गिरणीवाला पिठाळ हात उंचावून ओरडला,
"पाणी नथी आवतुं ने, गुप्तेसाहेब?"
"आज कोरडं!" काकांनी मराठीत सांगितलं.
प्रश्न गुजराती, उत्तर मराठी,
मधे कुठे सांधा दिसला नाही.
गिरणीच्या दारात फूटपट्टी उलगडून
त्यांनी माझ्या कमरेशी धरली.
"ह्या उंचीला ज्वारी तरंगत होती."

सुरसागरच्या कठड्यावर आम्ही बसलो.
तळ्याच्या मधोमध महादेव,
पाण्यात त्याचा पाय हलतोय असं वाटत राहिलं.
कागदात पापडी, वर तळलेल्या मिरच्या.
"भरलं की ह्याला खालून जायला वाट आहे.
बांधणाऱ्याने आधी जायची वाट काढली
आणि मग पाणी बोलावलं."
मला वाटलं अजून काही म्हणतील.
त्यांनी मिरचीचं देठ कागदात गुंडाळलं.

न्यायमंदिरावरून लहरीपुरा दरवाज्यापर्यंत गुडघा कसाबसा आला.
कमानीच्या चौकटीत पलीकडे,
बांगड्या, दोरे, स्टीलच्या डब्यांच्या पार,
मांडवी दिसत होती, पाव मैलावर.
"तू जा पुढे. चार बाजू, चार वाटा,
उंचावर आहे, तिथं माझं काही काम नव्हतं कधी."
मी गेले नाही.
यादीत सात नावं शिल्लक होती.

परतताना रिक्षा त्यांनी पुलावर थांबवली.
आता तिथं एक पांढरी डबी बसवली आहे.
ती आपली आपण आकडे पाठवते,
न भिजता.
काकांनी डबीकडे पाहिलं नाही.
कठड्यावरून ओणवे झाले, डोळे बारीक केले,
मागून हॉर्न वाजत राहिले,
रिक्षावाला म्हणाला, काका, मीटर चालू छे,
आणि कुणाचं वय सांगावं तसं
हळूच माझ्या कानाशी म्हणाले.

मी यादी उलटी करून मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं:
सहा फूट दोन इंच.
दहा वाजून वीस मिनिटं.

सही करायला त्यांनी माझ्याकडून पेन्सिल मागून घेतली.