लॉबीतला पाय

सकाळी मी तुपारीच्या दूध संस्थेत फॅट लावतो.
सहा पॉइंट आठ म्हटलं की म्हशीवाला म्हणतो,
"पॉइंट खाल्लास."
संध्याकाळी गळ्यात शिट्टी असली
की हेच वाक्य पाचशे माणसं म्हणतात,
वर आईची चौकशी करतात.

मालन विचारते, कशाला जाताय?
तीनशे रुपये, एक नारळ, टॉवेल-टोपी.
घरात टॉवेल एकोणीस झालेत,
एकानंही अजून अंग नीट पुसलेलं नाही.
तिला काय सांगू.
बुर्लीच्या मातीत, एका पकडीत, गुडघा गेला,
त्याच वर्षी सांगलीला जाऊन पंच परीक्षा दिली,
कारण फक्कीचा वास आला
की पाय आपसूक तिकडं वळायचे,
एक सरळ, एक लंगडत.

बघायला काय, सगळेच बघतात.
मी जास्ती करून ऐकत असतो.
चढाईला गेलेल्या पोराचा तो एक श्वास,
कबड्डी कबड्डी कबड्डी,
मग नुसतं बड्डी बड्डी,
शेवटी शेवटी ड्डी,
आणि त्या ड्डीच्या अंगावर हलगी,
जनरेटर, भेळवाल्याचा झारा,
माइकवर "साहेबांचं आगमन होत आहे, टाळ्या".
एवढ्यातनं तो दोरा मधे तुटला का
हे मी एकट्यानं सांगायचं.
तेही लगेच.

अंकलखोपची फायनल. अठ्ठावीस-अठ्ठावीस.
शेवटची चढाई कुंडलच्या हर्षद लाडची.
उसातली सगळी पाखरं हॅलोजनला आलेली,
त्यातलं एक माझ्या चष्म्यावर बसलं.
मी ते झटकलं.
तेवढ्यात हा डाव्या अंगानं घसरला,
कोपऱ्यातल्या गड्याला बोटं लावली
आणि उताणा होऊन मधल्या रेषेवर हात टाकला.

बोटं आधी लागली, की लॉबीत पाय आधी पडला?
नियम पोरासोरांना ठाऊक आहे:
कुणाला न शिवता लॉबीत गेलास तर बाद,
शिवलास की तीच लॉबी मैदान.
माती तीच असते.
मी हात वर केला. कुंडल, एक गुण.

नागठाण्याची माणसं दोरी ओलांडून आत आली.
तो कोपऱ्यातला गडी तेवढा आला नाही.
कमरेवर हात ठेवून माझ्याकडं बघत उभा राहिला,
काही बोलला नाही.
कमिटीनं मला स्टेजमागनं काढलं.
स्प्लेंडरच्या दोन्ही चाकांची हवा सोडलेली.
नारळ डिकीत, गाडी ढकलत निघालो,
तर अंधारातनं कोण तरी शांतपणे म्हणालं,
"पंच, चष्मा बदला."

बदलला. नंबर थोडाच वाढला होता.

तीन वर्षांनी हर्षद माझ्यापुढं उभा,
तुपारीची बायको केलेली,
सासऱ्याची किटली हातात, पोट सुटलेलं.
"सर, पाय आधी पडलेला."
मागं रांग होती.
मी नमुना घेतला, बाटली हलवली,
मशीनला लावली, आकडा थांबायची वाट बघितली.
सात पॉइंट एक, म्हटलं.
"सर, मी त्या दिवशीचं म्हणतोय."
ऐकलं, म्हटलं. पुढचा.
तो जरा वेळ तिथंच थांबला,
मग पावती घडी करून खिशात घातली.
त्याचा श्वास लागला होता,
किटली काही एवढी जड नव्हती.

त्या कोपऱ्यातल्या गड्याचं नाव
मी तेव्हा विचारलं नव्हतं.
गुणपत्रिकेत असेल, पण ती कमिटीकडं,
आणि कमिटी आता दुसरीच आहे.
नागठाण्यात दूध घालायला कुणाकडं जात असेल?

रविवारी आमणापूरला मुलींचे सामने आहेत.
पांढरा टी-शर्ट मालननं नीळ घालून वाळत टाकलाय,
बडबडत का होईना.
शिट्टी मी गरम पाण्यात टाकून ठेवलीय.
कितीही धुतली
तरी तोंडात धरली की तिला दुधाचा वास येतो.